पर्स अस्सल की बनावट?

पॅरिसच्या सोळाव्या विभागात, रू द ला फेझांदरी नावाच्या रस्त्यावर, एक आगळे संग्रहालय आहे. इतर संग्रहालये अस्सल वस्तू जमवितात आणि एखादी वस्तू बनावट निघाली तर ती गुपचूप तळघरात नेऊन ठेवतात. येथे मात्र नकलेलाच मानाचे स्थान आहे. बनावट मालाविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच उत्पादकांच्या संघाने १९५१ साली हे संग्रहालय स्थापन केले. अत्तराच्या कुप्या, घड्याळे, खेळणी आणि अर्थातच स्त्रियांच्या पर्सेस तेथे जोडीजोडीने मांडलेल्या आहेत : एक खरी, आणि तिच्या शेजारी तिची नक्कल.

आपण म्हणाल, पॅरिसच्या पर्सशी आमचा काय संबंध? एके काळी हा प्रश्न रास्त ठरला असता. परंतु लुई व्हिताँ या विख्यात पेढीचे भारतातील पहिले दुकान २००३ साली दिल्लीत उघडले, आणि तेव्हापासून अशा वस्तूंचा आपल्याकडील वावर वाढतच गेला आहे. त्यांपैकी बऱ्याच वस्तू दुकानातून येत नाहीत. कोणी नातलग परदेशाहून भेट म्हणून आणतो. कोणा ओळखीच्यांकडून ‘एकदाच वापरलेली’ पर्स अर्ध्या किमतीत मिळते. आणि वापरलेल्या पर्सेसची खरेदीविक्री करणारे व्यापारी तर आता मोठ्या शहरांतून आहेतच. अर्धी किंमत म्हटली तरी ती लाखाच्या घरात असते. अडीअडचणीला ही वस्तू विकून पैसे उभे करता येतील, अशा भरवशाने कोणी ती घेतली आणि विकावयास गेल्यावर ती खोटी ठरली, तर केवळ हौस वाया जात नाही. वर्षा-दोन वर्षांची शिल्लक बुडते. आणि ती भेट म्हणून आलेली असेल, तर देणाऱ्याचे नाव विनाकारण बद्दू होते, हे निराळेच.

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला येथे एका शब्दाची गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘अस्सल’ हा शब्द आपण अरबीतून घेतला. तेथे त्याचा अर्थ मूळ, उगम असा आहे. ‘बनावट’ या आपल्या शब्दाला मात्र दोन अर्थ आहेत. एक घडण, आणि दुसरा खोटेपणा. एखाद्या वस्तूची बनावट चांगली आहे, असे आपण म्हणतो. आणि वस्तू बनावट आहे, असेही म्हणतो. पर्सची पारख करावयाची म्हणजे या दोन शब्दांचा माग काढावयाचा : तिची घडण कशी आहे, आणि तिचा उगम कोठला. केवळ शिक्का पाहून ही पारख का होत नाही, हे समजण्यासाठी व्हिताँ घराण्याचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

लुई व्हिताँ हा फ्रान्सच्या ज्युरा भागातील एका खेड्यातला मुलगा. किशोरवयात तो पायी चालत पॅरिसला आला, पेट्या बांधण्याचे काम शिकला आणि १८५४ साली त्याने स्वतःचे दुकान थाटले. प्रवासी पेट्यांची झाकणे त्या काळी गोलाकार असत; त्याने सपाट झाकणाच्या, एकावर एक रचता येतील अशा पेट्या केल्या आणि त्या करड्या रंगाच्या जलरोधक कापडाने मढविल्या. पेट्या लोकप्रिय झाल्या आणि त्यांच्या नकलाही निघू लागल्या. तेव्हा त्याने पट्ट्यापट्ट्यांचे कापड काढले. त्याचीही नक्कल झाली. १८८८ साली चौकटीचौकटींचे कापड आले आणि त्याच्या विणीतच ‘नोंदलेली मुद्रा’ अशा अर्थाचे शब्द घालण्यात आले. तेही व्यर्थ गेले. अखेर लुईच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८९६ साली, त्याचा मुलगा जॉर्ज याने वडिलांच्या नावाची आद्याक्षरे आणि फुलापाकळ्यांच्या आकृत्या गुंफून एक नवे चित्र तयार केले. नक्कल करणाऱ्यांना पायबंद घालणे हा त्यामागील एक स्पष्ट हेतू होता. आज जगातील कोणत्याही शहराच्या पदपथावर पथारी पसरून मांडलेल्या पर्सेस पाहाव्यात. त्यांतील सर्वांत अधिक कोणत्या चित्राच्या असतात, हे सांगावयास नको. चोराला अडविण्यासाठी घातलेले कुलूप चोराला सर्वांत अधिक आवडावे, असाच हा प्रकार झाला.

या घराण्याचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९२६ साली बडोद्याच्या महाराजांसाठी या पेढीने चहाच्या सरंजामाची एक खास पेटी घडविली होती. अशा वस्तूची नक्कल करण्याच्या फंदात कोणी पडत नाही, कारण ती कोणासाठी, केव्हा आणि कशी केली याची नोंद असते. हा नोंदीचा मुद्दा आपण ध्यानात ठेवावा. त्याकडे पुढे यावयाचेच आहे.

आता प्रत्यक्ष पर्स हातात घेऊ या. व्हिताँची ती आद्याक्षरांची तपकिरी पर्स चामड्याची असते, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तिचे अंग सुती कॅनव्हासचे असून त्यावर प्लॅस्टिकसारखा लेप असतो. चामडे असते ते मुठींना, बंदांना आणि कडांना. हे चामडे न रंगविलेले, फिकट वर्णाचे असते. उन्हाने, हवेने आणि हाताच्या स्पर्शाने ते हळूहळू मधासारखे आणि पुढे गडद तपकिरी होत जाते. यावरून एक साधी कसोटी मिळते. पर्स दहा वर्षे वापरलेली आहे असे विक्रेता सांगत असेल आणि तिच्या मुठी अजून दुधासारख्या फिकट असतील, तर एक तर त्या बदललेल्या आहेत किंवा दहा वर्षांची कथा बदललेली आहे.

याच्या उलट, जे खोटेपणाचे लक्षण वाटते ते कधी कधी खरेपणाचे असते. १९३० सालापासून चालत आलेल्या ‘स्पीडी’ नावाच्या पर्सच्या एका बाजूला आद्याक्षरे सुलट आणि दुसऱ्या बाजूला उलटी दिसतात. नवख्या ग्राहकाला वाटते, हे काम अडाण्याचे. पण ही पर्स कॅनव्हासच्या एकाच अखंड पट्टीची करतात. पट्टी तळाखालून वळवून वर आणली की पलीकडची अक्षरे उलटी होणारच. दोन्ही बाजूंना अक्षरे सुलट यावीत म्हणून तळाशी जोड दिलेली असेल, तर शंका तेथे घ्यावी. त्याचप्रमाणे ‘मेड इन फ्रान्स’ ऐवजी स्पेन, इटली किंवा अमेरिका असे छापलेले पाहून दचकण्याचे कारण नाही. या पेढीचे कारखाने त्या देशांतही आहेत.

आतल्या बाजूला एक लहानसा संकेतांक असतो, त्यावर लोकांचा भलताच विश्वास असतो. १९८० नंतर ही पेढी कारखान्याची अक्षरे आणि तयार झाल्याचा काळ दर्शविणारे अंक आत उमटवू लागली. तो त्या एकाच पर्सचा क्रमांक नव्हे. त्या कारखान्यात त्या काळात झालेल्या अनेक पर्सेसवर तोच संकेतांक असतो. तो उमटविण्यास एका ठशापलीकडे काही लागत नाही, हे नकलाकारांनाही ठाऊक आहे. त्याचा उपयोग उलट बाजूने मात्र होतो : संकेतांकात सांगितलेल्या काळी ती घडण निघालीच नव्हती, असे दिसले की प्रश्न मिटला. २०२१ पासून ही पद्धत बंद होऊन पर्समध्ये सूक्ष्म चिप बसविली जाऊ लागली. म्हणजे त्यानंतरची म्हणून विकली जाणारी पर्स जुन्या पद्धतीचा संकेतांक मिरवीत असेल, तर विक्रेत्याला चार प्रश्न अधिक विचारावेत.

परंतु माझ्या मते खरी परीक्षा शिवणीची, आणि ती पाहावयाची तर एर्मेसकडे वळले पाहिजे. (या नावाच्या आरंभी रोमन लिपीत ‘एच’ असला तरी फ्रेंच लोक तो उच्चारीत नाहीत.) १८३७ साली स्थापन झालेली ही पेढी मूळची घोड्यांच्या साजाची. खोगीर आणि लगाम शिवणाऱ्याचा टाका उसवला तर स्वाराच्या जिवावर बेतते. म्हणून त्या धंद्यात एक विशिष्ट शिवण रूढ झाली, आणि घोडे जाऊन मोटारी आल्या तरी या कारागिरांनी ती सोडली नाही. मेण लावलेल्या लिननच्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवतात. आरीने चामड्याला भोक पाडावयाचे, आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोरच्या दिशांनी ओढून घ्यावयाच्या. आपल्या घरातील शिवणयंत्राचा टाका आठवा. तेथे वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या मध्यात एकमेकांत अडकतात. एक तुटला की शिवण उसवू लागते. दोन सुयांच्या शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे टाके आपापल्या जागी घट्ट राहतात.

या शिवणीचे टाके किंचित तिरके पडतात, आणि हाताचे काम असल्याने त्यांत कोठेतरी केसभर कमीजास्तपणा राहतो. म्हणून एर्मेसच्या ‘केली’ किंवा ‘बर्किन’ पर्सवर पट्टीने आखल्यासारखी सरळ, निर्जीव शिवण दिसली तर ती यंत्राची असण्याचा संभव अधिक. येथे एक सावधगिरी हवी. व्हिताँच्या कॅनव्हासच्या पर्सेस बहुतांशी यंत्रावरच शिवतात. तेथे टाके सरळ आणि सारख्या अंतराचे असावयास हवेत. तेव्हा ‘वाकडा टाका अस्सल’ किंवा ‘सरळ टाका अस्सल’ असा सरधोपट नियम नाही. ज्या घराण्याची वस्तू, त्या घराण्याची रीत आधी माहीत हवी. रागाची पारख करणारा श्रोता गायकाचे घराणे विचारतो, तसेच हे आहे.

केली पर्स एकच कारागीर आरंभापासून अखेरपर्यंत करतो आणि त्याला सुमारे पंधरा ते वीस तास लागतात. नकलाकार वेळ वाचवितो तो जेथे नजर जात नाही तेथे : खिशाच्या आतील कडा, मुठीच्या मुळाशी असलेले टाके, झाकणाची खालची बाजू, अस्तराचा कोपरा. या पर्सचे अस्तर शेळीच्या चामड्याचे असते. ते बोटांनी चाचपून पाहावे. कडा अनेकदा घासून, रंग देऊन गुळगुळीत केलेल्या असतात. घाईने केलेल्या कडेवर रंगाचा जाड थर साचतो आणि पुढे तो सालपटासारखा सुटतो. पर्स उघडताच गोंदाचा उग्र दर्प आला तर तोही चांगला नव्हे. आपल्याकडील जुना चर्मकार चपलेचा जोड हातात घेऊन प्रथम तो उलटा करतो. पर्सही तशीच उलटी करून पाहावी.

शनेलविषयी थोडक्यात सांगतो. १९५५ च्या फेब्रुवारीत निघाली म्हणून जिला ‘२.५५’ म्हणतात, त्या पर्सचे वैशिष्ट्य गोधडीसारखी तिरपी शिवण. ही शिवण मागच्या खिशावरून जाताना तुटता कामा नये. खिशावरील चौकट आणि अंगावरील चौकट जुळली पाहिजे. या पेढीच्या ज्या पर्सेसच्या कुलुपावर एकमेकांत गुंतलेली दोन ‘सी’ अक्षरे असतात, त्यांत उजवे अक्षर वरच्या बाजूला डाव्यावरून जाते आणि खालच्या बाजूला डावे उजव्यावरून. हे उलटे असेल तर पुढे पाहण्याची गरज नाही. मात्र हे जुळले म्हणून पर्स खरी, असा निष्कर्ष काढू नये; आता एवढे सर्वांनाच साधते.

कागदपत्रांची कथा याहून विलक्षण आहे. पुष्कळ विक्रेते ‘अस्सलतेचे कार्ड’ मोठ्या विश्वासाने पुढे करतात. शनेल काही काळ असे कार्ड देत असे; व्हिताँ आणि एर्मेस मात्र आपल्या पर्सबरोबर असे कार्ड देत नाहीत. म्हणजे त्यांच्या पर्सबरोबर आलेले कार्ड हे खरेपणाचे नव्हे, खोटेपणाचेच प्रमाणपत्र ठरते! दुकानाची पावती हा त्याहून बरा पुरावा. पण तोही निर्णायक नाही. अमेरिकेत २०१६ साली एका स्त्रीला कारावासाची शिक्षा झाली, तिची युक्ती अशी होती : अनेक राज्यांतील दुकानांतून ती खऱ्या पर्सेस विकत घेई, काही दिवसांनी त्यांच्या जागी हुबेहूब नकला परत देऊन पैसे घेई, आणि खऱ्या पर्सेस अन्यत्र विकी. दुकानातील माणसांनाही भेद कळला नाही. त्या दुकानांतून नंतर कोणी ती वस्तू घेतली असेल, तर त्याच्याजवळची पावती शंभर टक्के खरी आणि पर्स शंभर टक्के खोटी.

आणि घडणही जेव्हा खरी असते तेव्हा काय? २०२० साली पॅरिसच्या न्यायालयात एक खटला चालला. बनावट बर्किन पर्सेस करून विकल्याचा आरोप ज्यांच्यावर होता त्यांत पूर्वी एर्मेसमध्येच काम केलेली माणसे होती. त्याच कारागिरीत तयार झालेले हात, आणि चामडे मगरीचेच. अशा पर्सच्या शिवणीत दोष तो काय सापडणार? तरीही ती अस्सल नव्हे, कारण ज्या घराचे नाव तिच्यावर आहे त्या घरातून ती आलेली नाही. ‘अस्सल’ या शब्दातील तो उगमाचा अर्थ येथे अकस्मात जागा होतो.

याची दुसरी बाजू आपल्या घराजवळची आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले; महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांत केलेल्या चपलेलाच ते नाव लावता येते. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन पेढीने तिच्याशी मिळतीजुळती पादत्राणे प्रदर्शनात आणली, तेव्हा आरंभी त्या उगमाचा उल्लेखही नव्हता. टीका झाल्यावर पेढीने भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य केले. नावाचा हक्क केवळ श्रीमंत पेढ्यांनाच असतो असे नाही, हे यानिमित्ताने पुष्कळांना कळले, ते बरेच झाले.

उगमाची नोंद वस्तूचे मोल कोठवर नेते, याचे उदाहरण त्याच वर्षी जुलैमध्ये पॅरिसला घडले. अभिनेत्री व गायिका जेन बर्किन हिच्यासाठी १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास एर्मेसने केलेली पहिली बर्किन पर्स सोदबीजच्या लिलावात ८५ लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. पर्स चांगलीच वापरलेली, ओरखडे पडलेली, चिकटविलेल्या कागदांचे डाग असलेली. पण झाकणावर तिची आद्याक्षरे, पुढील पर्सेसना नसलेला तो न निघणारा खांद्याचा पट्टा, आत अडकविलेले नखे कापण्याचे साधन, आणि १९९४ साली एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी तिने ती देऊन टाकल्याची नोंद, अशी तिची सारी कुळकथा जुळत होती. ओरखडेही तेथे साक्षीदार झाले.

सामान्य ग्राहकाला इतकी मोठी कुळकथा मिळणार नाही. परंतु लहानशी मागता येते. पर्स कोणी, कोणत्या गावी, कोणत्या साली घेतली? त्या काळचे एखादे छायाचित्र आहे काय? मधल्या काळात ती कोणाकडे होती? खरा मालक अशा प्रश्नांनी रागावत नाही, उलट खुलून बोलू लागतो. मोठी रक्कम गुंतणार असेल तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. सूक्ष्मदर्शकातून टिपलेली छायाचित्रे संगणकाकडून पडताळून पाहणारी साधने आता या व्यापारात वापरली जातात. रोखीने, बिलाशिवाय, ‘आजच्या आज’ व्हावयाचा व्यवहार टाळावा. २०१९ साली जगातील बनावट मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार ४६४ अब्ज डॉलरचा, म्हणजे एकूण व्यापाराच्या सुमारे अडीच टक्के होता, असा आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचा आणि युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाचा अंदाज आहे. तेव्हा आपल्याच वाट्याला खोटी वस्तू कशी येईल, असे समजून चालू नये.

दुकानदाराने फसविले तर आपल्याकडे ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीशी बोलता येते. बनावट मुद्रेचा माल विकणाऱ्याला १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. जाणूनबुजून नक्कल घेणाऱ्या हौशी मंडळींनी मात्र फ्रान्सला जाताना ती पर्स घरीच ठेवलेली बरी. तेथे बनावट वस्तू जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे, आणि कायद्यातील कमाल शिक्षा तीन वर्षे कैद व तीन लाख युरो दंड इतकी आहे.

राहिला एक शेवटचा उपाय. वापरलेली पर्स खरी असल्याचा दाखला तुम्ही मागावा आणि या पेढ्यांनी तो द्यावा, अशी त्यांची रीत नाही. पण आपल्या मालाची दुरुस्ती त्या करून देतात, आणि नक्कल मात्र हाती धरीत नाहीत. मुठीचा टाका सैल झाला आहे, कडी बदलावयाची आहे, असे निमित्त जुन्या पर्सला बहुधा असतेच. म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला सहज विचारावे की, ही पर्स आधी दुरुस्तीसाठी मूळ पेढीच्या दुकानात दाखविली तर आपली काही हरकत आहे काय? उत्तर काय येते ते ऐकावेच. ते येण्यास किती वेळ लागतो, इकडेही लक्ष ठेवावे.